भूतबंगला आणि भात

टीव्हीवरच्या 'सीआयडी'त भूत आलं की आमच्या आईला झोप येते. साधा खून असला तर ती शेवटपर्यंत डोळे ताणून बसते, पण पडका बंगला, वारं नसताना हलणारा झोपाळा आणि मेणबत्ती घेतलेली पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की तिचा निकाल तयार: "इस्टेटीचं भांडण. पुतण्या असणार."

पुतण्याच असतो.

1998 साली सुरू झालेली ही मालिका 2018 पर्यंत पंधराशेहून जास्त भाग चालली. एवढे खून पचवल्यावर अंगाला वळण पडणारच. पथकातला फ्रेडरिक्स घाबरणार, अभिजीत त्याची फिरकी घेणार, एसीपी प्रद्युम्न, म्हणजे आपले शिवाजी साटम, हवेत बोटं फिरवत गडबड हुंगणार आणि दया दाराला भिडणार. दार तुटलं की आई भात लावायला उठते. फॉरेन्सिकवाल्या डॉ. साळुंखेंना मृताच्या रक्तात भास होण्याचं औषध सापडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या असतात.

ठरीव साच्याबद्दल माझी तक्रार नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार पुन्हा भेटावा म्हणूनच तर लोक पुढचं पुस्तक उचलत. माझी तक्रार भुताबद्दल आहे. खुनी दर वेळी नवा आणता येतो, पण भूत मात्र खोटंच निघावं लागतं. नाहीतर एसीपी बेड्या कोणाला घालणार? म्हणजे ज्या भागात काहीही घडेल असं वाटायला हवं, नेमका त्याचाच शेवट सगळ्यांत आधी ठरलेला.

वर त्या भुतांना ना गाव, ना कूळ. आई कोकणातली. तिच्याकडे मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यापाशी आणि हडळीचे पाय उलटे. साचा तिथेही आहेच, पण तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना आई अजून झपझप पावलं टाकते, आणि तेव्हा पुतण्याचं नावसुद्धा काढत नाही.

मालिका पुन्हा सुरू झाली, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये वाहिनीने एसीपी प्रद्युम्न यांना चक्क श्रद्धांजली वाहिली. आई दोन दिवस हळहळत होती. पुढे साहेब कामावर हजर!

"आई, लवकर ये, एसीपी परत आले!" मी ओरडलो.

कुकरपाशी उभ्या उभ्याच तिने विचारलं, "पाय सरळ आहेत ना, ते बघ आधी."