दाढीवाले आणि घोडुल्या

अहो, ऐकावं ते नवलच! तिकडे अमेरिकेत चांगले शिकलेसवरलेले, नोकरीधंद्याला लागलेले, दाढ्या राखलेले बाप्ये शनिवारी सकाळी टीव्हीसमोर ठाण मांडायचे. फुटबॉल बघायला नव्हे हो, जांभळ्या, निळ्या, गुलाबी घोडुल्या बघायला! मालिकेचं नाव ‘माय लिटल पोनी: फ्रेंडशिप इज मॅजिक’. बरं, बघायचंच आहे तर दार लावून, आवाज बारीक करून बघावं की नाही? छे! स्वतःला ‘ब्रोनी’ म्हणवून घ्यायचं आणि छातीवर घोडी छापलेला टीशर्ट घालून गावभर मिरवायचं. लाज म्हणून काही?

आता हे प्रकरण मुळात कसं घडलं ते सांगते. हॅस्ब्रो ही खेळणी विकणारी कंपनी. केस विंचरायच्या प्लास्टिकच्या घोड्या ती १९८०च्या दशकापासून विकत आलेली. तिनं डिस्कव्हरीशी हातमिळवणी करून ‘द हब’ नावाची वाहिनी काढली आणि १० ऑक्टोबर २०१० रोजी, वाहिनीच्या मुहूर्तालाच, या घोड्या पडद्यावर सोडल्या. हेतू उघड होता: पोरींनी बघावं, आयांच्या मागे भुणभुण लावावी, खेळणी खपावीत. सरळ व्यवहार. त्यात गडबड केली लॉरेन फॉस्ट या बाईंनी. ‘पॉवरपफ गर्ल्स’वर काम केलेल्या या बाई लहानपणी स्वतः याच घोड्यांशी खेळलेल्या, आणि तेव्हा त्यांना आपल्या मनानं दिलेले स्वभाव त्यांनी मालिकेत आणले. एक पुस्तकात डोकं खुपसून बसलेली ट्वायलाइट, एक फुशारकीखोर, एक इतकी भिडस्त की बोललेलं कुणाला ऐकू जाऊ नये. या घोड्या भांडतात, जळतात, चुकतात आणि वेळ आली की राक्षसाशी दोन हातही करतात. चहापार्टी आणि लाडिक हसण्यावर भागलं असतं, तिथे एवढी मेहनत कशाला, सांगा!

कंपनीनंही आपल्या परीनं लक्ष ठेवलं होतं म्हणा. फॉस्टबाईंना सेलेस्टिया ही घोडी त्यांच्या राज्याची राणी हवी होती. पण राणी म्हटलं की मुलींना दुष्ट बाई आठवते, अशी भीती. म्हणून ती झाली राजकन्या. हजार वर्षं राज्य करणारी राजकन्या! पडद्यावर ती पांढरीशुभ्र, दुकानात मात्र बराच काळ गुलाबी. गुलाबी खपतं ना!

मालिका सुरू होतेय तोच एका समीक्षकानं लेखातून गळा काढला, की फॉस्टसारखी कलावंत खेळणीवाल्यांच्या दावणीला बांधली गेली, आता टीव्हीवरच्या स्वतंत्र ॲनिमेशनचं युग संपलं. तो लेख वाचून काही टवाळ पोरं थट्टेचा माल मिळेल म्हणून मालिका बघायला गेली, आणि दुसऱ्या भागालाही बसली. तिसऱ्यालाही. गेली ना वाया!

मग काय विचारता. पहिल्याच भागात मागच्या गर्दीत एक राखाडी घोडी होती, डोळे दोन दिशांना असलेली. एरवी कुणाच्या लक्षात आली नसती. पण या दाढीवाल्यांनी ती टिपली, तिला ‘डर्पी’ म्हणायला लागले आणि तिच्यावर जीव टाकला. मालिका बनवणाऱ्या व्हँकूव्हरच्या स्टुडिओतल्या मंडळींनी मग तिला मुद्दाम गर्दीत इथे तिथे लपवायला सुरुवात केली, आणि जानेवारी २०१२ मध्ये मालिकेत तिला चक्क नावानं हाक मारली गेली, बोलायलाही मिळालं. त्यावर काही पालक संतापले: ही अपंग मुलांची टिंगल आहे! पुढच्या आवृत्तीत नाव गाळलं, आवाज बदलला. लगेच दाढीवाले संतापले: आमच्या डर्पीला हात लावलात!

पण खरा हाहाकार उडाला तो तिसऱ्या पर्वात. फॉस्टबाई तोवर निघून गेल्या होत्या. पर्वही निम्मं, तेराच भागांचं. म्हणजे तीन पर्वं मिळून नेमके ६५ भाग, आठवड्यातून पाच दिवस पुनःप्रक्षेपण करायला अगदी हिशेबात. आणि १६ फेब्रुवारी २०१३च्या शेवटच्या भागात त्या पुस्तकी ट्वायलाइटला काय फुटावं? पंख! गाण्यांवर गाणी झाली आणि बाई राजकन्या होऊन मोकळ्या. भाग लागण्याआधीच बातमी फुटलेली, त्यामुळे मोठमोठी माणसं आधीच सुतकात. कुणी म्हणे, पंख काय, ही तर नवं खेळणं विकायची युक्ती. अहो, मालिका खेळणीवाल्यांची, मग काय ताम्हण-पळी विकतील?

वेड ओसरलं असेल म्हणता? २०१५ साली बाल्टिमोरमध्ये या लोकांचं संमेलन भरलं, तर १०,०००वर माणसं. त्याआधी या ब्रोनींवर माहितीपट काढायची टूम निघाली. मालिकेत डिस्कॉर्ड या खलनायकाला आवाज देणारे, ‘स्टार ट्रेक’मधले जॉन डी लान्सी त्यात पुढे. लोकांकडे ६०,००० डॉलर मागितले, जमले ३,२०,०००च्या वर! वाहिनीनंही चतुराई दाखवली आणि जाहिरातगीतात ब्रोनींचा उल्लेख घालून टाकला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

तरी माझा संशय वेगळाच आहे. घोड्यांनी कुणाला बिघडवलेलं नाही. एका बाईनं सहा वर्षांच्या मुलीला अक्कल असते असं धरून गोष्ट रचली. मुलींसाठीचा माल म्हणजे टुकारच, हे जगानं आधी ठरवून टाकलं होतं, म्हणून सगळे चकित झाले. नाहीतर पोरी पिढ्यानपिढ्या बॅटमॅन बघतात, सुपरमॅन बघतात, त्याचं कुणाला कौतुक ना कुतूहल. बाप्यांनी चार घोड्या बघितल्या, तर लगेच वर्गणी काढून माहितीपट!