कोपरापासून नमस्कार

आमची आत्या कुणालाही भेटली की आधी त्याचं कोपर धरायची. समोरच्याला वाटायचं, किती माया आहे बाईंना! माया होतीच. पण त्या वेळी तिची बोटं कोपराच्या आतल्या बाजूची शीर चाचपत असायची. कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ती. कुष्ठरोगात ती सुतळीसारखी जाड होऊन हाताला लागते. दुसऱ्या हातानं गालावरून मायेनं हात फिरवल्यासारखं करत ती कानाखालची शीर बघून घ्यायची. ही सगळी तपासणी "काय रे, किती वाळलास!" एवढ्या वाक्यात उरकायची. आमच्या घराण्यात कोपर तपासल्याशिवाय कुणाचा नाताळ झाला नाही, की साखरपुडा.

मिशनरी म्हटलं की लोकांना सोला हॅट घातलेली आणि मोडक्या मराठीत ख्यालीखुशाली विचारणारी गोरी मडम आठवते. आमची मिशनरी नगरची. पाळकाची मुलगी, अंगात पांढरं सुती पातळ, आणि तोंड असं की नळावर तिच्यापुढे कुणी घागर लावायची नाही. नर्सिंग शिकायला ती मिरजेला गेली आणि मिरजेचीच झाली. तिथलं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं. माणूस मूळचा कॅनडाचा, पण सांगली-मिरजेकडच्या लोकांनी त्याच्या आडनावाला वाडी जोडून त्याला कायमचा गाववाला करून टाकला. वानलेसवाडीला सोडा म्हटलं की रिक्षावाला आजही दुसरं काही विचारत नाही. दर्ग्यात मन्नत मागून तसेच दवाखान्यात येणारे, सतारीच्या दुकानात डोकावून मग केसपेपर काढणारे, कानडीतून कळ सांगणारे, असे सगळे आत्याच्या हाताखालून गेले. कानडीत तिला फक्त तीन गोष्टी यायच्या: कुठे दुखतं, कधीपासून आणि खोटं बोलू नका.

पुढे साठच्या दशकात तिला शिकायला पाठवलं ते वेल्लोरजवळच्या करीगिरीला. त्या भागात डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामानं कुष्ठरोगाकडे बघायची रीतच पालटली होती. तोवर सगळ्यांची समजूत अशी, की या रोगात बोटं झडतात. ब्रँड यांचं म्हणणं, झडत नाहीत. हाताला कळच नसते, त्यामुळे माणूस तापलेलं भांडं उचलतो, खिळ्यावर पाय देतो आणि जखम घेऊन तसाच चालत राहतो. झिजतात ती बोटं अशी. काही रोग्यांची बोटं मात्र रात्रीतून कमी व्हायची, त्याचा उलगडा होईना. शेवटी कुणीतरी रात्रभर जागून पाहिलं, तेव्हा चोर सापडला: उंदीर. निजलेल्या माणसाचं बोट कुरतडलं तरी त्याला जाग कुठून येणार? मग घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर द्यायचं ठरलं.

शस्त्रक्रिया, व्यायाम, प्लास्टर, सगळं शिकून आत्या परत आली, पण तिच्या मनात घर केलं ते मांजरानं. त्यानंतर ती मिरजेहून पुण्याला आणि तिथून दौंडवरून नगरला यायची तेव्हा एखाद्या पिशवीतून म्यांव ऐकू यायचं. तिचं मांजरांवर प्रेम होतं असं समजू नका. तिनं एकाही मांजराला कधी नाव ठेवलं नाही की मांडीवर घेतलं नाही. थर्मामीटरला का कुणी नाव ठेवतं? दूध प्यायलं की "जा, कामाला लाग" म्हणून ती त्याला ओसरीवर सोडायची. आमच्या घरात कुष्ठरोगी कुणी नव्हता. तरी "ताई, आम्हाला कशाला?" असं विचारायची वडिलांची छाती झाली नाही.

धर्माबद्दल ती फार बोलायची नाही. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तेवढं मला नीट समजलंय, बाकीचं पाळकांना विचारा, म्हणायची. मात्र पायांबद्दल तिचा उपदेश अखंड चाले. रोज पाय पाण्यात भिजवा, खरखरीत दगडानं घासा, ओल्या पायालाच तेल लावा, तळवे डोळ्यांनी बघा. रोग्यांनी हे करायचं ते जखमा होऊ नयेत म्हणून. आम्ही करायचो ते आत्या सुट्टीला आली होती म्हणून. रात्री बादल्यांत पाय सोडून ओळीनं बसलेलं आमचं कुटुंब पाहून शेजारच्यांना वाटायचं, ख्रिस्ती लोकांचं हे काहीतरी व्रत असावं. स्टीलच्या पेल्यात चहा दिलेला तिला खपायचा नाही. कान असलेला कपच हवा आणि कानाला चिंधी गुंडाळलेली हवी. आईनं एकदा धीर करून विचारलं, "आपल्या हाताला तर चटका कळतो ना, ताई?" आत्या म्हणाली, "कळतोय तोवर जपा."

चपलांचं प्रकरण त्याहून मोठं. कळ नसलेल्या पायांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ, काळ्या, दिसायला अगदी ओबडधोबड चपला निघाल्या होत्या. पाय वाचायचे, पण अब्रू जायची, कारण चपला बघूनच गाव रोग ओळखायचं. रोगी त्या पिशवीत दडवायचे आणि अनवाणी चालायचे. आत्यानं यावर पत्रकं काढली नाहीत. स्वतःला तसल्याच चपला करून घेतल्या. बाजारात, देवळात, लग्नात, सगळीकडे त्याच. पुढच्या खेपेला वडिलांच्या मापाचा जोड आला आणि वडील तो घालून मुकाट्यानं शाळेत शिकवायला जाऊ लागले. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची काही दिवस रिकामी राहिली म्हणे. मंगल कार्यालयातून मात्र आमच्या घरच्या चपला कधी चोरीला गेल्या नाहीत.

१९८२ नंतर एकत्र दोन-तीन औषधांचा नवा उपचार आला आणि आत्या दहा वर्षांनी तरुण झाली. त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल होते. दुसरीनं कातडी काळवंडते, आणि ती उजळायला पुढे बराच काळ जातो. ही माहिती तिनं नाताळच्या भर पंगतीत, खिरीची वाटी हातात असताना, साऱ्या नातलगांना दिली होती. पोटात काही ठेवायचं तिला माहीतच नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

याला एकच अपवाद. माझ्या चुलतबहिणीला बघायला मंडळी आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे आत्यानं एकेकाचं कोपर धरून सलाम केला. मुलाच्या काकांपाशी तिचा हात जरा रेंगाळला. मग विहीर दाखवते म्हणून ती त्यांना परसात घेऊन गेली आणि चांगला अर्धा तास आली नाही. लग्न ठरलं, झालं. काकांच्या मिरजेच्या खेपा सुरू झाल्या. पुढे दर मे महिन्यात आत्याच्या नावानं हापूसची पेटी येऊ लागली आणि आमच्या घरातल्या बायकांनी काय ओळखायचं ते ओळखलं. साठीच्या घरात आलेली अविवाहित आत्या, विधुर काका, विहीर! आई तर हापूस चिरताना गालातल्या गालात हसायची.

एका वर्षी काका स्वतः पेटी घेऊन आले. जाताना त्यांनी उंबऱ्यावर बसून आधी तळवे नीट निरखले. चपला उलट्या करून झटकल्या, आतून हात फिरवून खडा नाही ना ते पाहिलं आणि मगच पायात सरकवल्या. मी ते पाहत होतो. बायका खिडकीतून आत्याचा चेहरा पाहत होत्या.

ते गेल्यावर आईनं सरळच विचारलं, "ताई, हे दरसाल आंबे का पाठवतात हो?"

"झाडाला येतात म्हणून," आत्या म्हणाली आणि आईचं कोपर धरून तिला बाजूला करत पेटी उघडायला बसली.