राजेशाही हवापालट : ब्रायटनला जाणाऱ्यांस सूचना

मुलगा किंवा लेक लंडनला नोकरीला असेल, तर एखाद्या रविवारी तुम्हांला ब्रायटन दाखवले जाणार, हे गृहीत धरावे. व्हिक्टोरिया स्टेशनातून तासाभराचा प्रवास. मात्र धडधाकट माणसाने तिथे जाणे परंपरेला धरून नाही. आधी थोडे आजारी पडावे. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये समुद्राचे पाणी गाठींवर गुणकारी असल्याचा प्रबंध लिहिला आणि या कोळ्यांच्या गावाचे नशीब उघडले. पाण्यात बुडायचे आणि वर तेच प्यायचे, असा तो उपचार. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज आले. प्रकृतीचे निमित्त होते. वडिलांची नजर चुकवण्याचा गुणही लगेच आला. दोन वर्षांनी त्यांनी मिसेस फिट्झहर्बर्ट यांच्याशी गुपचूप लग्न केले आणि त्यांनाही ब्रायटनला आणून ठेवले.

समुद्राकडे जाताना चपला काढू नयेत. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. चालताना चेहरा युवराजासारखा ठेवावा, तोंडातून काय निघेल ते मराठीत निघू द्यावे. भेळ मागू नये. बटाट्याच्या चिप्स घेतल्यास पाठ भिंतीला लावून खाव्यात. तिथले सीगल पक्षी हातातला घास पळवण्यात आपल्या देवळांतल्या माकडांना हार जाणारे नाहीत.

आता खरी परीक्षा : युवराजांचा वाडा, रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून घुमट, मिनार, जाळ्या. आत शिरावे तर सगळा चीन, छतापासून झुंबर धरून लोंबणारा ड्रॅगन. वास्तुकार जॉन नॅश हिंदुस्थानात कधी आले नव्हते. डॅनियल काका-पुतण्यांनी इकडे येऊन काढलेली चित्रे त्यांना पुरली. अशा वेळी 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळावे. त्याहून अवघड प्रसंग शेजारच्या इमारतीपाशी येतो. घुमट आधी तिथे चढला, तोही युवराजांच्या घोड्यांसाठी. तबेल्याचा थाट पाहून मग मालकांनी स्वतःचे घर तसे करून घेतले. आज त्या तबेल्यात गाण्याच्या मैफली होतात. हसायचेच असेल तर टाळ्यांच्या गजरात हसून घ्यावे.

अस्सल हिंदुस्थान हवा असेल तर शेख दीन महंमद यांची चौकशी करावी. जन्म पाटण्याचा. लंडनमध्ये १८१० मध्ये त्यांनी हिंदुस्थानी खाणावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनला येऊन त्यांनी वाफारा आणि मालिश सुरू केली, तेव्हा दोन राजांनी त्यांच्या हाती अंग सोपवले. घरचे जेवण सोडून चंपी विकण्याचा हा धडा परदेशी हॉटेल काढू पाहणाऱ्या भाच्याला जरूर सांगावा.

वाड्याच्या एका दालनात मात्र विनोद आवरावा. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१६ या काळात, पॅव्हिलियनमध्ये जखमी हिंदी शिपायांचे इस्पितळ होते. उर्दू, हिंदी, गुरुमुखीत पाट्या होत्या, धर्म-जात सांभाळून वेगळ्या चुली होत्या. बादशहाने आपला राजवाडा तुमच्यासाठी मोकळा केला, अशी शिपायांची समजूत होऊ दिली गेली. वाडा तेव्हा नगरपालिकेचा होता. जे हिंदू-शीख शिपाई वाचले नाहीत, त्यांतल्या त्रेपन्न जणांना गावाबाहेरच्या टेकाडावर अग्नी दिला. तिथे आज संगमरवरी छत्री आहे. चढ बराच आहे, तरी जावे.

वाडा नगरपालिकेकडे गेला त्याची हकिकत मुक्काम आवरताना आठवावी. व्हिक्टोरिया राणीला तिथली गर्दी आवडेना. तिने १८५० मध्ये वाडा गावाला विकला. त्याआधी फर्निचर, सजावट, अगदी शेकोट्यांच्या कोरीव चौकटीसुद्धा काढून नेल्या. काही सामान तिने पुढे परत केले. तेव्हा हॉटेलच्या खोलीतून साबणाच्या दोन वड्या बॅगेत पडल्या, तर संकोच करू नये. टॉवेल मात्र ठेवावा. तो राजघराण्यालाच शोभतो.