नितळराव

रविवारी सकाळी, चहाचा पहिला घोट घेऊन कोणाशीही न बोलण्याच्या अत्यंत सात्त्विक मनःस्थितीत आपण असता, जो गृहस्थ खालून हाक मारून ‘जुनी रद्दी आहे का हो?’ असे विचारतो, आणि आपण उदार अंतःकरणाने सबंध गठ्ठा पुढे केला असता त्यातली रंगीत पुरवणी दोन बोटांच्या चिमटीत धरून परत करतो, तो नितळराव. प्रत्येक सोसायटीत हा एक असतोच. त्याचे पाळण्यातले नाव निराळे असेल, मोटारही निराळ्या बनावटीची असेल. परंतु मोटारीची काच ओघळाविना पुसणे हा धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष यांच्यानंतरचा पाचवा पुरुषार्थ होय, याविषयी त्या सर्वांचे एकमत आहे.

आमचे नितळराव महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि सरकारी चाकरीत ज्या दक्षतेने त्यांनी सातबाराच्या उताऱ्यांवरील खाडाखोड हुडकली, त्याच दक्षतेने ते हल्ली आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या काचांवरील ओघळ हुडकतात. पुसून झालेली काच ते समोरून कधीच पाहत नाहीत. समोरून पाहणारा मनुष्य, त्यांच्या मते, फसण्यास लायकच असतो. ते चार पावले डावीकडे सरकतात, गुडघ्यांत वाकतात, मान तिरपी करतात, एक डोळा मिटतात आणि गुन्हेगाराची ओळख पटल्याच्या सुरात ‘आहे’ एवढाच शब्द उच्चारतात. मग फेरतपासणी.

या विषयाचे त्यांचे शास्त्र सांगोपांग आहे. काचेवर ऊन येण्यापूर्वी काम आटोपले पाहिजे, कारण तापलेल्या काचेवरचे पाणी फडका पोचण्याआधीच वाळते आणि त्यातला क्षार जागच्या जागी ठाण मांडतो. साबण वर्ज्य, कारण तो निघाला असे वाटते तेव्हाही निघालेला नसतो. टर्किश टॉवेल निषिद्ध, कारण तो तंतू सोडतो. एक फडका ओला, दुसरा कोरडा, आणि दोन्ही अशा जुन्या धोतराचे की ज्याने धुलाईचे सर्व भोग भोगून झाले आहेत. काच आधी दोन बोटे खाली उतरवावी, म्हणजे रबराच्या खोबणीत दडून बसलेली वरची कड हाती लागते. पुढच्या दारांच्या त्या त्रिकोणी काचांच्या टोकदार कोपऱ्यांत बोट शिरत नाही, म्हणून त्यांनी जुनी टाकदांडी राखून ठेवली आहे. टोकाला फडका गुंडाळून ते ती अशा तऱ्हेने फिरवतात की कलेक्टरसाहेबांच्या सहीचा मसुदाच लिहीत असावेत. आणि या सर्वांवर शिरोमणी असा नियम म्हणजे, बाहेरून हात आडवा फिरवावा आणि आतून उभा. त्यामुळे एखादा ओघळ राहिलाच, तर तो आतल्या हद्दीतला की बाहेरच्या, याचा निकाल मोजणीदार न बोलावता जागेवरच लागतो. महसूल खात्याने याहून शहाणपणाची पद्धत शोधल्याचे मला तरी ठाऊक नाही.

पाण्याविषयी तर बोलायलाच नको. आमच्या इमारतीला दोन पाणी आहेत: सकाळी तासभर येणारे महापालिकेचे, म्हणजे खडकवासल्याचे, मऊ पाणी; आणि उरलेल्या दिवसाचे बोअरचे, कॅल्शियम-मॅग्नेशियमने संपन्न, ज्याचा थेंब वाळला की पांढरा ठिपका मागे राहतो. साहजिकच खडकवासल्याची पहिली कळशी काचांना जाते. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर शिजवली तरी दाणा दाणाच राहतो, हे वहिनींनी वारंवार निदर्शनास आणले. परंतु डाळीला ओघळ पडत नाहीत, या मुद्द्यावर अर्ज निकालात निघाला. ‘आमच्याकडे वरण नका मागू,’ वहिनी पाहुण्यांना सांगतात, ‘हवं तर खाली जाऊन काच बघून या.’

परंतु त्यांचा खरा व्यासंग वृत्तपत्रांचा. शेवटचा कोरडा हात कागदाचाच हवा, आणि कागदही कोणताही चालत नाही. रंगीत छपाईची शाई काचेवर उतरते, जाहिरातींच्या पानावर काळे ठोकळे फार. सबब चित्ररहित, बारीक टाइपाचे, सर्वत्र सारख्या शाईचे असे अग्रलेखाचे पान हेच सर्वोत्तम. गेल्या कित्येक वर्षांतील राष्ट्रीय घडामोडींचे मूल्यमापन त्यांनी याच अंगाने केले आहे. अर्थसंकल्पावरील अग्रलेख किंचित तेलकट निघतो. निवडणुकीपूर्वीचा सगळ्या बाजूंनी पुसतो आणि कोठेच स्वच्छ करीत नाही. श्रद्धांजलीचा मात्र कोरडा, खणखणीत. एका रविवारी माझा लेख छापून आला, तेव्हा त्यांनी मला जिन्यातच गाठले.

‘अहो लेखक, तुमचा लेख फार छान! मागची आख्खी काच एका लेखात झाली. गेल्या खेपेच्या लेखानं रेघा ठेवल्या होत्या.’

‘वाचलात का?’ मी आशेने विचारले.

‘वाचायचाय ना. अजून ओला आहे.’

लग्नसमारंभात हा मनुष्य पंगतीत सापडत नाही, वाहनतळावर सापडतो. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाच्या मोटारीच्या काचेवर फुले डकवलेल्या चिकटपट्टीचा डाग निघाला, आणि तो निघेपर्यंत वरात तहकूब राहिली. बँडवाल्यांनी एकच गाणे किती वेळा वाजवले, हे वधूपित्याला विचारावे.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. नाइलाज आहे म्हणून सांगतो. माझे वडील साताऱ्यास अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, ती आषाढातली रात्र होती. मी कोणाकडे काही मागितले नव्हते. जिन्यात पावलांचा आवाज झाला आणि नितळराव बंडीवरच, किल्ली घेऊन उभे. खाली गेल्यावर त्यांनी आधी फडका काढला आणि समोरची काच आतून पुसू लागले, उभा हात, वरून खाली. मी दातओठ खात उभा होतो. खंबाटकीचा बोगदा अद्याप व्हायचा होता, आणि चढती-उतरती सगळी वाहतूक एकाच घाटातून चाले. काचेच्या आतल्या अंगाला साचलेल्या तेलकट थरावर समोरच्या ट्रकचा प्रकाश पडला की सगळी काच पांढरी होते आणि रस्ता नाहीसा होतो, हा अनुभव मला इतरांच्या मोटारींत अनेकदा आला आहे. त्या रात्री तसे झाले नाही. पावसातून येणारा प्रत्येक दिवा दिव्याएवढाच राहिला, आणि कठड्याचा एकेक दगड मोजता येत होता. एरवी पाच मिनिटे काचेवाचून बोलू न शकणारा तो गृहस्थ सबंध वाटेत त्याविषयी अवाक्षर बोलला नाही. पहाटे पोचलो. वडिलांशी चार वाक्ये बोलता आली. दुपारनंतर ती बोलता आली नसती.

आभार मानावेत म्हणून मी बाहेर आलो, तेव्हा ते आमच्या काकूंकडे रद्दी मागत होते. आभार राहिले. पुढेही कधी मानले नाहीत, कारण तसा प्रयत्न करू लागलो की ते तिरपी मान करून माझ्या चष्म्याकडे पाहू लागतात.

हा लेख पाठवताना मात्र मी संपादकांना एक विनंती केली आहे: शेजारी चित्र घालू नये, जाहिरात शक्यतो दूर ठेवावी आणि शाई बेताची असावी. आजवर माझी मजल मागच्या काचेपलीकडे गेलेली नाही.