हिरव्या शिक्क्याची वारी

अमेरिकेत शेअर-हस्तांतरणाच्या अर्जावरील सही खोटी ठरल्यास होणारे नुकसान भरून देण्याची जबाबदारी ज्या शिक्क्यासरशी बँक स्वतःच्या शिरावर घेते, त्याला ‘मेडॅलियन सिग्नेचर गॅरंटी’ म्हणतात. नावात पदक असले तरी पदरात पडतो तो हिरव्या शाईचा चौकोनी ठसा. तेथील रोखे आयोगाच्या १९९२ सालच्या नियमानंतर ही व्यवस्था दृढमूल झाली. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवतो, पण पैशाची जोखीम उचलत नाही. त्यामुळे ट्रान्सफर एजंट, म्हणजे कंपनीच्या भागधारकांची नोंदवही सांभाळणारी संस्था, नोटरीचा शिक्का मिरवणारा अर्ज परत पाठवते, आणि मग अर्जदार प्रवासाला निघतो.

न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या, आणि पती-पत्नीच्या संयुक्त नावावरील शेअर मुलाच्या नावे करू पाहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाची वारी ओक ट्री रोडवरून सुरू होते. या रस्त्यावर जिलबीपासून पैठणीपर्यंत काय हवे ते हाताशी असते. दुर्मीळ असतो तो बँकेचा विश्वास. गृहस्थाची बचत अधिक व्याजाच्या मोहाने ज्या बँकेत ठेवलेली असते ती केवळ इंटरनेटवर नांदत असल्याने तिला दारच नसते, मग उंबरा झिजवणार कोणाचा? दार असलेली पहिली बँक नम्रपणे कळवते की ही सेवा फक्त खातेदारांसाठी आहे; तेथे तत्काळ खाते उघडावे, तर ते सहा महिने जुने असावे लागते. दुसऱ्या शाखेत जुने खाते निघते आणि शिक्काही निघतो, परंतु तो हाताळण्याचा अधिकार असलेला एकमेव अधिकारी रजेवर असतो. तिसरीकडे अधिकारी जागेवर सापडतो, तर शिक्क्याचे अक्षर आडवे येते. ठशातील आरंभीचे अक्षर हमीची कमाल रक्कम सांगते: ‘झेड’ एक कोटी डॉलरपर्यंत जाते, ‘डी’ अडीच लाखांवर थांबते. गृहस्थाचे शेअर दोन लाख ऐंशी हजारांचे भरतात. बाजार चढल्याचे दुःख व्हावे असा प्रसंग गुंतवणूकदाराच्या आयुष्यात सहसा येत नाही.

येथवर अर्जही एकदा बाद झालेला असतो, कारण सही अधिकाऱ्यासमक्ष करायची असते आणि गृहस्थाने ती घरीच, चहाचा कप बाजूला सारून, वळणदार अक्षरात उरकलेली असते. मेट्रोपार्क स्थानकावरून नेवार्कमार्गे मॅनहॅटनकडे जाणाऱ्या गाडीत तो कोऱ्या अर्जाला, मांडीवर लोणच्याची बरणी सांभाळावी तसा, जपत बसतो. सोबतच्या पिशवीत पासपोर्ट, शेअरचे ताजे विवरणपत्र, वीजबिल आणि, कोणी मागितलेले नसतानाही, पुण्याच्या महाविद्यालयाचे पदवी-प्रमाणपत्र असते. ज्याला सर्वत्र नकार मिळाला, तो कागद वाढवत जातो.

मॅनहॅटनच्या शाखेत मात्र योग जुळतो. पूर्वीच्या नोकरीतले पगाराचे खाते तिथे अद्याप जिवंत असते, अधिकारी हजर असतो, अक्षरही पुरेसे मोठे निघते. कागदपत्रे तपासली जातात, समक्ष सही होते, हिरवा ठसा उमटतो. गृहस्थ तो वाळावा म्हणून त्यावर हलकेच फुंकर घालतो. तेवढ्यात अधिकाऱ्याचे बोट सहीच्या खालच्या, अजून रिकाम्या असलेल्या दुसऱ्या ओळीवर येऊन थांबते, आणि संयुक्त मालकीतील प्रत्येक सहीला स्वतंत्र हमी लागत असल्याने सौभाग्यवती कोठे आहेत, अशी पृच्छा होते. सौभाग्यवती एडिसनला असतात.