31 मे

आमच्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांचा वाढदिवस 1 जूनला असतो. त्यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. पोराला शाळेत घालायला आलेली आई म्हणायची, ‘लावणी चालली होती तेव्हाचा,’ आणि गुरुजी जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. त्या तारखेने माझ्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी सूड उगवला. पहिल्या तारखेला जन्मलेल्याने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हावं, असा नियम आहे. म्हणजे 31 मे. शाळा बंद, मुलं कोकणात आंब्याखाली, आणि निरोप द्यायला फक्त शिपाई. म्हणून समारंभ एप्रिलातच उरकला आणि पुढचा महिना मी शाल-नारळ मिळालेलं पगारी भूत होऊन करी रोडभर हिंडले.

तयारी म्हणाल तर ती सगळी कागदांची. सेवापुस्तक, नामनिर्देशन, मग अंशराशीकरण नावाचा तो गूढ विधी. पेन्शनचा काही हिस्सा आधीच विकून एकरकमी पैसे घ्यायचे आणि तो हिस्सा 15 वर्षांनी पुन्हा सुरू व्हायचा. मी आणखी 15 वर्षं टिकेन हा जो विश्वास सरकारने दाखवला, तो आमच्या डॉक्टरांनीही अजून दाखवलेला नाही.

अर्ज भरताना मथळ्यावर नजर अडकली: निवृत्तिवेतन नियम, 1982. त्याच वर्षी, 18 जानेवारीला, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील साचेखात्यात होते. साच्यावरून उतरले ते पुन्हा चढलेच नाहीत. त्यांच्या वाट्याला ना शाल आली, ना नारळ, ना कुणाचं रटाळ भाषण. पुढे कित्येक वर्षं पहिल्या पाळीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते करी रोडच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. आई विचारायची, ‘कुठं निघालात?’ ते म्हणायचे, ‘बघून येतो.’ काय बघायचे, कोण जाणे. आता तिथून टॉवर दिसतात, मान दुखेपर्यंत.

मीही तशीच. अकराच्या ठोक्याला हात खडू शोधतो. त्यावर उपाय म्हणून चाळीच्या गॅलरीत टेबल टाकलंय. संध्याकाळी दहावीची पोरं येतात. पण खरी गर्दी सकाळी, म्हाताऱ्या गिरणी कामगारांची. त्यांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली आणि हे अजून पुरावा म्हणून पिशवीत ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, पिवळं पडलेलं हजेरीकार्ड जपत फिरताहेत. मी अर्ज लिहून देते. कुणी घरून लिहून आणला तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, आणि कधीकधी, हात राहत नाही म्हणून, खाली तपासल्याची सहीसुद्धा ठोकते. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी माणसं मला ‘बाई’ म्हणतात आणि अक्षर वाईट आल्याबद्दल खाली मान घालतात.

परवा वडिलांच्याच खात्यातले एक काका आले. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘निवृत्त’ लिहायला घेतलं, तर त्यांनी पेनवर हात ठेवला.

‘निवृत्त कोण झालंय, बाई? संप मागं घेतलाय का कुणी?’

नोकरीभर इतिहास शिकवलेला असूनही मला त्यांना खोडता येईना, कारण तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नव्हता. मी ‘गिरणी कामगार’ लिहिलं आणि विचारलं, ‘कंसात ‘संपावर’ घालू का?’

‘घाला की,’ काका म्हणाले, ‘पण शुद्ध लिवा.’