उंदराला प्यायला कसं बसवावं: नवशिक्यांसाठी

वालावलच्या माणसाला या विषयाचं प्राथमिक शिक्षण द्यावं लागत नाही. एप्रिलात काजूच्या बागेत पडलेले बोंडू आंबायला लागले की निम्मा अभ्यासक्रम नाकावाटेच आत जातो. इथे मात्र विद्यार्थी उंदीर आहे. त्याने दारू आणि सोबत एखादं तरतरी आणणारं द्रव्य, दोन्ही आपल्या मर्जीने घ्यायची. ही मर्जी तयार कशी करायची, ते खाली दिलं आहे.

१. आधी कागद. महाराष्ट्रात माणसाला प्यायचा परवाना लागतो, १९४९च्या कायद्याने. उंदराला तो लागत नाही. पाजणाऱ्याला मात्र प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, १९६०च्या कायद्यामुळे. म्हणजे परवान्यावाचून कुणीच पीत नाही, असं सरकारदरबारी धरून चालतात. हा उद्योग घरच्या पडवीत करू नका. दारू आणि उंदराचा मेंदू यांवर नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात काम झालं आहे, तिकडची वाट धरा. जाताना एखादे आजोबा विचारतील, ‘उंदराक दारू पाजूचो पगार गावता तुमका?’ ऐकू आलं नाही असं दाखवा.

२. माळ्यावरचा उंदीर नको, प्रयोगशाळेतला पांढरा, विस्टार जातीचा घ्या आणि एकटा ठेवा. दोघे असले तर कोण किती प्यायला याचा हिशेब लागत नाही. एकटेपणाने तो खंगेल बिचारा, पण आकडा स्वच्छ येईल.

३. दोन बाटल्या टांगा, एक पाण्याची, एक दारूची. कर्ट रिख्टर यांनी १९४० साली अशीच उंदरांची आवड मोजली. बाटल्यांच्या जागा रोज बदला, कारण उंदराला एका बाजूची सवय लागते. बाटली उलटी करताना नळीतून दोन-चार थेंब सांडतातच. म्हणून एक बाटली रिकाम्या पिंजऱ्यालाही टांगा. कुणी नसताना तिथे जेवढी दारू कमी होईल, तेवढी हिशेबातून वजा करा. (ही पद्धत लग्नाच्या वऱ्हाडालाही लावावी.)

४. एवढं करूनही उंदीर हुंगेल आणि पाण्याकडे वळेल. मनाला लावून घेऊ नका. दारूत साखर घाला आणि तो रुळला की साखर हळूहळू काढून घ्या. सॅमसन यांची १९८६ची युक्ती. नाहीतर रॉय वाइज यांचा १९७३चा मार्ग आहे: एक दिवस द्या, एक दिवस बंद. सोमवार, बुधवार, शुक्रवार बाटली, मधल्या दिवशी नुसतं पाणी. तो हळूहळू जास्त पिऊ लागतो. ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी कुडाळच्या दुकानासमोरची गर्दी पाहिलेल्यांनी वाइज वाचला नाही तरी चालेल.

५. आता तरतरी. २०००च्या एका प्रयोगात माफक कॅफीन दिल्यावर उंदीर जास्त दारू प्यायले. कॅफीन टोचलं होतं. मर्जीत एवढी सुई बसते. कोकेनचं काम जरा नाजूक आहे. मानेतली शीर उघडा, नळी बसवा, जखम भरू द्या, दांडा दाबला की औषध रक्तात जाईल अशी सोय करा. मग बाजूला व्हा, पुढे सगळं त्याच्या इच्छेवर. दोन्ही एकत्र देणं हे थोतांड नव्हे. माणसं दोन्ही एकत्र घेतात, आणि त्यांच्या यकृतात त्यातून कोकाएथिलीन हे तिसरंच द्रव्य तयार होतं, कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकणारं. एकेकटी दारू किंवा एकेकटं कोकेन तपासून ते हाती लागत नाही.

६. शेवटची धोक्याची सूचना. पिंजऱ्यात दुसरा दांडा ठेवू नका, विशेषतः जो दाबला की शेजारच्या उंदराचं दार उघडतं तो. व्हेनिरो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली तो ठेवला, आणि उंदरांनी मेथॅम्फेटामिन सोडून सोबती निवडला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये दारूसमोर सॅकरीनचं गोड पाणी ठेवलं, तर साधारण १५ टक्केच उंदीर दारूला चिकटून राहिले. असे उंदीर सापडले तर त्यांना जपा. पुढचं अनुदान त्यांच्याच जिवावर मिळायचं आहे.